दुसरं जहाज

ग्रीक तत्त्वज्ञान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढरी दाढी, अंगाभोवती गुंडाळलेलं वस्त्र आणि मागे खांबाखांबांचं एखादं देऊळ येतं. आणि मग सुविचार! शाळेत फळ्याच्या कोपर्‍यात रोज एक लिहायचा असायचा ना, तसे. डेल्फीच्या अपोलोच्या देवळावर असे तीन सुविचार कोरलेले होते. पहिला, माणसाने स्वतःला ओळखावं. दुसरा, कशाचाही अतिरेक करू नये. तिसरा सहसा कुणी सांगत नाही, तो म्हणजे कुणाची हमी घेतली की संकट आलंच म्हणून समजावं. (कधी कुणाच्या कर्जाला जामीन राहिला असाल तर हा तिसरा समजावून सांगायला नको :) )

सुविचारांची एक गंमत असते. वाचताना ते शंभर टक्के पटतात आणि संतापाच्या क्षणी त्यातला एकही आठवत नाही. ग्रीक लोक काही याला अपवाद नव्हते. म्हणूनच मला त्यांचं शहाणपण देवळाच्या भिंतीपेक्षा त्यांच्या इतिहासात जास्त सापडतं. स्वतःच्या चुका त्यांनी ज्या निर्विकारपणे लिहून ठेवल्या, त्याला तोड नाही. आज त्यातलीच एक गोष्ट सांगते. बरेच दिवस डोक्यात घोळते आहे.

गोष्ट इ.स.पू. ४२७ मधली. अथेन्स आणि स्पार्टा यांचं युद्ध सुरू होऊन चार वर्षं झाली होती. अथेन्समध्ये प्लेगने हाहाकार माजवलेला. अशात लेस्बॉस बेटावरच्या मितिलिनी या शहराने अथेन्सविरुद्ध बंड केलं. मितिलिनी हे काही पायाखाली चिरडलेलं मांडलिक शहर नव्हतं. त्याचं स्वतःचं आरमार होतं आणि खंडणी माफ होती. त्यामुळे अथेन्सच्या लोकांना हा घाव जास्त लागला. ज्याला मानाने वागवलं त्यानेच पाठीत सुरा खुपसला, अशी भावना!

बंड फसलं. स्पार्टाची मदत वेळेवर पोचली नाही, वेढ्यात धान्य संपलं. शेवटी शहरात असलेल्या स्पार्टाच्या अधिकार्‍याने सामान्य लोकांच्या हाती शस्त्रं दिली. शस्त्रं हातात येताच लोक म्हणाले, कोठारं उघडा आणि धान्य सगळ्यांना वाटा, नाहीतर आम्ही शहर अथेन्सच्या ताब्यात देतो. सरदारांचा नाइलाज झाला. शहर शरण आलं. अट एवढीच होती की, मितिलिनीचे दूत अथेन्सला जाऊन परत येईपर्यंत अथेन्सचा सेनापती पॅकीस याने कुणालाही मारायचं नाही.

आता अथेन्सची नागरिकसभा भरली. तिथे आजच्यासारखे प्रतिनिधी नसत, जमलेले नागरिक स्वतःच हात वर करून निर्णय घेत. त्या दिवशी त्यांनी हात वर केले ते या निर्णयासाठी: मितिलिनीतल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना ठार मारायचं आणि बायकामुलांना गुलाम म्हणून विकायचं. बंडात सामील कोण, नसलेले कोण, काही भेद नाही. शहर अथेन्सच्या हाती यावं म्हणून अडून बसलेले लोकही त्यातच. लगेच हुकूम घेऊन एक जहाज रवाना झालं.

आणि मग रात्र झाली.

दुसर्‍या दिवशी सकाळी लोकांना चुटपुट लागली. काल आपण काय करून बसलो? गुन्हेगारांबरोबर एक अख्खं शहर मारायचं? मितिलिनीचे दूत अजून अथेन्समध्येच होते. लोकांचा नूर बदललेला पाहून ते आणि त्यांच्या बाजूचे काही अथेन्सवासी अधिकार्‍यांकडे गेले आणि सभा पुन्हा भरवायला लावली.

हे सगळं आपल्याला सांगतो थ्युसिडिडीझ. हा स्वतः पुढे अथेन्सचा सेनापती झाला. इ.स.पू. ४२४ मध्ये अँफिपोलिस हे शहर वाचवता आलं नाही म्हणून त्याला वीस वर्षं हद्दपारी भोगावी लागली. प्लेगही त्याने स्वतः अंगावर काढला होता. त्याने आपल्या इतिहासाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलंय की हे पुस्तक क्षणभराच्या टाळ्यांसाठी नाही. मनुष्यस्वभाव आहे तसाच राहणार, तेव्हा जे घडलं त्यासारखं पुन्हा घडणार, आणि ते ज्यांना समजून घ्यायचंय त्यांच्यासाठी हे आहे. दोन हजार चारशे वर्षांनी मराठीत कुणी त्यावर लिहीत बसेल असं काही त्याला वाटलं नसेल, पण त्याचं म्हणणं खरं ठरलं खरं.

दुसर्‍या सभेत दोन भाषणं झाली ती थ्युसिडिडीझने सविस्तर दिली आहेत. पहिलं क्लिऑनचं. कालचा ठराव त्याचाच होता. त्याचा सूर साधारण असा: तुम्हा लोकांना साम्राज्य चालवता येत नाही. तुम्हाला भाषणं ऐकण्याची चटक लागली आहे. नाटक बघायला बसल्यासारखे सभेला येऊन बसता. रोज निर्णय बदलणार्‍या शहरापेक्षा वाईट कायदे का होईना, पण ते घट्ट धरून ठेवणारं शहर बरं. फार शहाण्या माणसांपेक्षा साधी माणसंच कारभार चांगला करतात. आणि मुख्य म्हणजे वेळ जाऊ देऊ नका, कारण वेळ गेला की ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा राग बोथट होतो.

हे शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. वेळ गेला की राग ओसरतो हे क्लिऑनलाही पक्कं ठाऊक होतं. त्याला नेमकी त्याचीच भीती होती. ओळखीचं वाटतंय का? "आत्ताच काय तो निकाल लावा, उद्या ढिले पडाल" असं सांगणारी माणसं कुठल्याही काळात, कुठल्याही गावात सापडतात.

दुसरं भाषण डायोडोटसचं. हा डायोडोटस कोण, पुढे त्याचं काय झालं, इतिहासाला काही माहिती नाही. थ्युसिडिडीझच्या या पानांबाहेर त्याचा मागमूस नाही. माणूस एकदाच रंगमंचावर आला, बोलला आणि गेला.

तो उभा राहून काय म्हणाला असेल असं तुम्हाला वाटतं? दया करा? लहान लहान पोरांकडे बघा? अजिबात नाही. तो म्हणाला, मितिलिनीचे लोक दोषी आहेत की नाहीत हा आपल्यापुढचा प्रश्नच नाही. हे न्यायालय नाही. आपल्या हिताचं काय तेवढं बघू. चांगला विचार करायला दोन गोष्टी सगळ्यात जास्त आड येतात, एक घाई आणि दुसरी संताप. मग त्याने मनुष्यस्वभावाकडे मोर्चा वळवला. माणसं चुकणारच. शिक्षा वाढवत वाढवत आपण मृत्युदंडापर्यंत आलो, तरी गुन्हे थांबले का? गरिबी माणसाला धीट करते, संपत्ती हावरट करते. इच्छा पुढे धावते आणि आशा तिच्या मागून येऊन सांगते की या वेळी जमेल. ही दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत, पण दिसणार्‍या शिक्षेपेक्षा त्यांचा जोर जास्त असतो.

आणि मग अगदी व्यवहाराचा मुद्दा. आज सगळ्यांना मारलंत तर उद्या बंड करणारं शहर शरण कशाला येईल? मरायचंच आहे तर शेवटपर्यंत लढेल. वेढ्याचा खर्च तुमच्या माथी, आणि हाती लागणार राखेचा ढीग, ज्याच्याकडून दमडीची खंडणी मिळणार नाही. शिवाय प्रत्येक शहरातला सामान्य माणूस आज तुमच्या बाजूने आहे. मितिलिनीतल्या त्याच सामान्य माणसाला मारलंत, तर उद्या तो दुसरीकडे तुमच्या बाजूने कशाला उभा राहील?

बर्‍याच लोकांना हे भाषण कोरडं वाटतं. दयेचा एक शब्द नाही! मला मात्र उलट वाटतं. क्लिऑनने आधीच दयेला दुबळेपणा ठरवून टाकलं होतं. दया हा शब्द उच्चारला असता तर लोकांनी डायोडोटसला खाली बसवलं असतं. तो स्वतःच म्हणतो की या शहरात चांगला सल्ला देणार्‍यालाही, विश्वास बसावा म्हणून, आडवळणाने बोलावं लागतं. सकाळपासून लोकांच्या मनात जी टोचणी होती, तिला उभं राहायला त्याने हिशेबाची काठी दिली. रागावलेल्या माणसाशी बोलायचं कसं, याचा हा धडाच आहे.

मतदान झालं. हात जवळजवळ समसमान वर आले. डायोडोटसचा पक्ष जेमतेम जिंकला.

आता पंचाईत अशी की पहिलं जहाज निघून जवळपास एक दिवस आणि एक रात्र झालेली. अथेन्सहून मितिलिनी समुद्रमार्गे सुमारे साडेतीनशे किलोमीटर. घाईघाईने दुसरं जहाज सोडलं. अशा जहाजावर साधारण १७० वल्हेकरी असत, तीन ओळींत एकावर एक बसलेले. मितिलिनीच्या दूतांनी त्यांच्यासाठी दारू आणि सातूचं पीठ भरून दिलं आणि वेळेत पोचलात तर मोठं बक्षीस देऊ असं सांगितलं. वल्हेकर्‍यांनी वल्ही सोडली नाहीत. दारू आणि तेलात मळलेलं पीठ वल्ही मारता मारताच तोंडात टाकायचं. झोपही पाळीपाळीने, काही झोपले की बाकीचे वल्हवत राहणार. नशीब म्हणजे वारा उलटा नव्हता.

आणि पहिलं जहाज? त्याला कसलीच घाई नव्हती. थ्युसिडिडीझ सांगतो की काम इतकं ओंगळ होतं की ते जहाज रेंगाळत चाललं होतं. म्हणजे बघा, हुकूम तर पाळायचा, पण हात उचलत नव्हते. त्या वल्हेकर्‍यांना कुणी मत विचारलं नव्हतं, तरी त्यांनी आपलं मत असं दिलंच म्हणायचं!

तरीही पहिलं जहाज आधी पोचलं. पॅकीसने हुकूम वाचला. अंमलबजावणीची तयारी सुरू झाली, तेवढ्यात दुसरं जहाज बंदराला लागलं. शहर वाचलं.

गोष्ट इथेच संपवली तर छान गोड शेवट होतो. पण थ्युसिडिडीझ तसं करू देत नाही. बंडाचे सूत्रधार म्हणून पॅकीसने अथेन्सला पाठवलेल्यांना क्लिऑनच्याच ठरावावरून ठार मारण्यात आलं. त्याने दिलेला आकडा हजाराहून थोडा जास्त आहे. (काही अभ्यासकांना हा आकडा नकलाकाराची चूक वाटते.) मितिलिनीचा तट पाडला, जहाजं जप्त केली, जमिनी वाटून टाकल्या. आणि अकरा वर्षांनी, इ.स.पू. ४१६ मध्ये, मेलॉस या छोट्याशा बेटावर अथेन्सने पुरुषांची कत्तल आणि बायकामुलांची गुलामी हाच प्रकार पुरा केला. त्या वेळी दुसरं जहाज गेलं नाही.

यावरून असं वाटेल की तात्पर्य सोपं आहे: रागात निर्णय घेऊ नये, एक रात्र जाऊ द्यावी. आपल्याकडेही घरोघरी हेच सांगतात. पण ग्रीकांच्याच इतिहासात याला एक विचित्र उतारा आहे, आणि तो वाचल्यावर मला हा विषय नव्याने कळला.

इ.स.पू. ४०६. अथेन्सचा एक सेनापती कोनॉन मितिलिनीच्याच बंदरात कोंडला गेला होता. त्याला सोडवायला गेलेल्या अथेन्सच्या आरमाराने लेस्बॉस आणि समोरचा किनारा यांच्यामधल्या आर्गिनुसी बेटांजवळ मोठा विजय मिळवला. पण स्वतःची पंचवीस जहाजं गेली, आणि वादळामुळे पाण्यात पडलेल्यांना वाचवता आलं नाही. विजयी सेनापती घरी आले ते आरोपी म्हणून.

झेनोफोनने हे लिहून ठेवलंय. पहिल्या सभेत सेनापतींनी वादळाची हकिगत सांगितली, खलाशांची साक्ष काढली आणि लोकांना ती पटत चालली होती. पण अंधार पडला. वर केलेले हात मोजता येईनात, म्हणून सभा पुढे ढकलली. म्हणजे इथेही मध्ये वेळ गेला, चांगला काही दिवसांचा. मधल्या काळात अपातुरिया नावाचा कुळांचा सण आला. सगळी भावकी एकत्र जमायची आणि कोण कोण उरलं नाही ते डोळ्यांना दिसायचं. सेनापतींच्या विरोधकांनी काळे कपडे घातलेली, डोकं भादरलेली माणसं मृतांचे नातेवाईक म्हणून सभेत आणून बसवली. लोक निवळण्याऐवजी पेटले. सगळ्या सेनापतींचा निकाल एकाच मतदानाने लावायचा ठराव आला. असा एकत्र निकाल बेकायदा होता. कुणीतरी तसं म्हटलं तर लोक ओरडले की जनतेला हवं ते करू न देणं ही भयंकर गोष्ट आहे. त्या दिवशी सभेचं काम बघणार्‍या मंडळात सॉक्रेटिस होता. बाकीचे धमकीने नमले, तो एकटा हा ठराव मताला टाकायला तयार झाला नाही. तरी मतदान झालंच. अथेन्समध्ये हजर असलेल्या सहाही सेनापतींना मारलं. त्यात थोर पेरिक्लीसचा मुलगाही होता. आणि थोड्याच दिवसांत लोकांना पश्चात्ताप झाला. पण मेलेल्या माणसांकडे दुसरं जहाज धाडता येत नाही.

खुद्द सॉक्रेटिसचंच बघा. इ.स.पू. ३९९ मध्ये त्याचा खटला एका दिवसात उरकला. प्लेटोने दिलेल्या भाषणात तो न्यायाधीशांना सांगतो की देहदंडाचा खटला एका दिवसात निकालात काढू नये असा कायदा इतर ठिकाणी आहे तसा तुमच्याकडे असता, तर मी तुमची समजूत घालू शकलो असतो. (स्पार्टात ज्येष्ठांचं मंडळ असे खटले कित्येक दिवस चालवत असे, असं प्लुटार्क सांगतो. म्हणजे शत्रूच्या गावात ही शिस्त होती!) शिक्षा झाली, पण अंमल लगेच झाला नाही. डेलॉस बेटावर दरवर्षी एक पवित्र जहाज जायचं आणि ते परत येईपर्यंत अथेन्समध्ये कुणाला देहदंड देत नसत. झेनोफोनच्या हिशेबाने तीस दिवस मिळाले. मितिलिनीला एक रात्र मिळाली होती, सॉक्रेटिसला पूर्ण महिना. मित्र रोज तुरुंगात भेटायला यायचे, पळून जाण्याची तयारीही त्यांनी केली, ती त्याने नाकारली. पण निकाल पुन्हा विचारात घ्यायची वाटच त्या न्यायव्यवस्थेत नव्हती. जहाज आलं आणि सॉक्रेटिसने विष प्यायलं.

एका शहराच्या या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की दिसतं ते असं. वेळ नुसता जाऊन काही होत नाही. त्या वेळेचं काय होतं यावर सगळं अवलंबून असतं. पहिल्या गोष्टीत कुणीतरी सभा पुन्हा भरवली, कुणीतरी थंड डोक्याने बोललं, कुणीतरी पीठ आणि दारू भरून दिली आणि कुणीतरी रात्रभर वल्ही मारली. दुसर्‍या गोष्टीत तोच वेळ आग फुंकायला वापरला. तिसर्‍या गोष्टीत तो तसाच वाहून गेला.

अ‍ॅरिस्टॉटलने रागाचं एक फार घरगुती उदाहरण दिलंय. तो म्हणतो, राग विवेकाचं अजिबात ऐकत नाही असं नाही. ऐकतो, पण अर्धवट. सांगणं पुरतं ऐकायच्या आत घराबाहेर धावत सुटणार्‍या उतावळ्या गड्यासारखा, आणि मग भलतंच करून ठेवतो. मला हे फार पटतं. पहिलं जहाज म्हणजे तो गडी. तो धावणारच. प्रश्न एवढाच की त्याच्या मागे कुणाला पाठवायचं हे आपण ठरवून ठेवलंय का?

आपल्यापैकी कुणाच्या हातात शहरं मारण्याचा अधिकार नाही, ते बरंच आहे. पण नाती मारण्याचा अधिकार सगळ्यांकडे आहे. लग्नात मानपानावरून निघालेल्या एका वाक्यामुळे वीस-वीस वर्षं बोलणं बंद असलेली घरं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. पूर्वी निदान पत्र पोस्टात टाकायला जावं लागायचं, आता नातेवाईकांच्या ग्रुपवर पहिलं जहाज अर्ध्या सेकंदात पोचतं आणि ते रेंगाळतही नाही. अशा प्रत्येक घरात दुसर्‍या दिवशी सकाळ झालेली असते आणि दोन्हीकडे कुणाच्या तरी मनात येऊन गेलेलं असतं की हे जरा जास्तच झालं. काकांना वाटतं, काकूंना वाटतं, मुलांना तर वाटतंच. पण सभा पुन्हा कुणी भरवायची? आधी फोन कुणी करायचा? मग भोवतीची माणसं कधी अपातुरियासारखी जखम दाखवत बसतात, कधी नुसतेच दिवस जातात. आणि एखाद्या दिवशी निरोप येतो, की आता फोन करायला पलीकडे कुणी नाही.

डेल्फीच्या भिंतीवरचं ते स्वतःला ओळखणं मला आता एवढंच वाटतं की आपल्याला राग येणार, आपण चुकीचं जहाज सोडणार, हे आधीच धरून चालायचं. त्या वल्हेकर्‍यांना बक्षिसाची आशा होती, डायोडोटसने हिशेब मांडला, दूतांना आपली माणसं वाचवायची होती. कुणीच संत नव्हतं. तरी मितिलिनीतले हजारो लोक त्या संध्याकाळी आपापल्या घरी जेवले.

तेव्हा मंडळी, कुणाकडे एखादं दुसरं जहाज बरेच दिवस बंदरात नुसतं उभं असेल, तर बघा बुवा. वारा उलटा नाहीये तोवर सोडून द्या. पोचलं की कळवा, वाचायला आवडेल.